घरगाडीतली घरघर

गाडी पाहिली आणि हरिश्चंद्र चार पावलं मागेच सरकला. मुंबईत गॅरेजमध्ये काम करणाऱ्या त्याच्या मेव्हण्याने, गुरुप्रसादने, कुठलीशी जुनी गाडी घेऊन तिचं चाकांवरचं घर केलं होतं आणि ते थेट गणपतीपुळ्याजवळच्या त्यांच्या वाडीत आणून उभं केलं होतं. आत खाट, खाटेखाली पाण्याची टाकी, शेगडी, झाकणाची छोटी मोरी. सगळं कसं झकास! पण पुढच्या बाजूला नव्या रंगाखालून उलटी लाल अक्षरं पुसट दिसत होती. अक्षरं उलटी फक्त ॲम्ब्युलन्सवरच लिहितात, एवढं हरिश्चंद्राला ठाऊक होतं.

जेवणं झाली की ह्याच गाडीतून बायकोला, हौसाला, वेळणेश्वरला न्यायचं होतं. लग्न झाल्यापासून बिचारी त्या एका देवळासाठी मागे लागली होती. आता 'मला भीती वाटते' म्हणायची सोय नव्हती.

"भावोजी, तुम्ही आत जरा आडवे व्हा. मी तिठ्यावरून ऑइल घेऊन आलोच," गुरू म्हणाला.

हरिश्चंद्राने हात धुवायला मोरीतला नळ सोडला. पाण्याचा पत्ता नाही. वाडीत पाणी कधी येईल ते देवालाच माहीत, म्हणून नळ उघडाच ठेवायची रीत. त्याच सवयीने त्याने तो तसाच ठेवला, मोरीचं झाकण पाडलं, वर पानाची चंची ठेवली आणि रामाचं नाव घेत खाटेवर पाठ टेकली.

तोच पाठीखालून आवाज आला, "घर्रर्र... घर्रर्र..."

चंची तिथेच, चपला तिथेच, हरिश्चंद्र अंगणात!

"अवो, काय झालंन?" हौसा धावत आली.

"हौसे, खाटंखाली कुनीतरी शेवटची घरघर लावलान गो! मी नाय त्या गाडीत बसनार!"

हौसाचा चेहरा पडला. पण गाडी खरोखरच घरघरत होती. शेवटी आप्पा गुरवाला बोलावणं गेलं. सगळी वाडी जमली आणि आप्पांनी नारळ उंच धरून गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या खाटंवर ज्याचा कुनाचा जीव गेला आसंल, त्याला वाट दाव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

तेवढ्यात गाडीखाली लागलेली पाण्याची धार कुणाला तरी दिसली. माणसं मागे सरली. हरिश्चंद्र आप्पांच्या पाठीमागे दडला.

"आप्पानू, फोडा तो नारळ लवकर!"

नारळ फुटला आणि घरघर थांबली.

तेवढ्यात गुरू आला. आत डोकावून त्याने कपाळावर हात मारला. "भावोजी, नळ उघडा टाकून वर झाकण लावलंत? तुम्हाला पाणी लागेल म्हणून जाता जाता मी पुढून पंपाचं बटण दाबलं होतं. टाकी संपली नि पंप बंद पडला, दुसरं काय!"

वाडी खो खो हसली. "पंप तर पंप," आप्पा म्हणाले, "गाऱ्हान्याने थांबला ना?"

हरिश्चंद्राचा जीव भांड्यात पडला. "आमाला वाटलं, ॲम्ब्युलन्समधला कुनी मेलेला..."

"कसली ॲम्ब्युलन्स? दलालाने रंगवून शाळेची गाडी म्हणून दिली मला!"

हरिश्चंद्राने त्याला पुढे नेऊन ती अक्षरं दाखवली. गुरूचा चेहरा पांढराफटक पडला.

"भावोजी, मी महिनाभर ह्याच खाटेवर झोपतोय हो!"

गाडी निघाली तेव्हा हौसा खिडकीशी हरखून बसली होती, हरिश्चंद्र खाटेवर निवांत पसरला होता आणि आप्पांच्या नारळाची एक कवड मांडीवर घेऊन गुरू गाडी हाकत होता. पंपाचं बटण त्याने स्वतःच्या हाताने बंद केलं होतं, पुन्हा पुन्हा पाहिलं होतं. पहिलंच वळण घेतलं आणि मागून आलं, "घर्रर्र..."

गुरूने करकचून ब्रेक दाबला. "अक्का! बटण बंद आहे गो!"

"गप गाडी चालव मेल्या," हौसा खिडकीतून नजर न काढता म्हणाली, "भावोजी घोरतायत तुझे."