डाव्या हातावरचे गाव

गेल्या ऑक्टोबरच्या दुसऱ्या गुरुवारी, सायंकाळी, मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स शहरी, चर्चचे ऑर्गन सुरात लावून देणाऱ्या गेरिट डायकस्ट्रा या पन्नाशीच्या गृहस्थाने हेल्मी लाहतीला तिच्याच स्वयंपाकघरात मागणी घातली.

"बाबांना विचारावं लागेल," हेल्मी म्हणाली.

"जरूर. कुठे असतात ते?"

"वर."

गेरिटने मान खाली घातली.

"मेले नाहीत रे. उत्तरेला असतात. लाँग लेकच्या काठी, लाल घर. रविवारी दुपारी जेवायला ये, मी उद्याच पुढे जातेय. आणि आधीच सांगते, बाबा नाही म्हणाले तर तू तुझ्या घरी, मी माझ्या."

आमच्या राज्यात लाँग लेक नावाची तळी इतकी आहेत, की ते नाव सांगणे म्हणजे काहीच न सांगणे होय. म्हणून आम्ही हात पुढे करतो. आमचे राज्य उजव्या पंजाच्या आकाराचे आहे. देवाने नकाशा जन्मतःच हाती दिलेला असताना कागदाचा वापरणे आम्हांस पाखंड वाटते. आम्ही वरचेवर भरकटतो ते अन्य कारणांनी, असे आम्ही मानतो.

हेल्मीने डावा पंजा आडवा धरला, त्याच्या मध्यावर उजव्या हाताची तर्जनी टेकवली आणि म्हणाली, "हे इथं."

गेरिटने तर्जनीचे टोक निरखले. पेरे मोजली. पेरास एक तास, हा त्याचा हिशेब.

"कळलं."

"नक्की? लिहून देऊ?"

"हेल्मी, मी मिशिगनचा आहे."

रविवारी तो तर्जनीच्या टोकाला पोचला. तेथे लाँग लेक होते. काठी लाल घरही होते. पायरीवर एक म्हातारा सफरचंदे सोलत बसला होता. गेरिटने चेरीचा केक त्याच्या पुढ्यात ठेवला आणि वाटेत घोकलेल्या शब्दांत त्याच्या मुलीचा हात मागितला.

म्हाताऱ्याने केकचा मोठा तुकडा खाल्ला, मग दुसरा. "माझी काही हरकत नाही," तो म्हणाला. "फक्त तिचा नवरा आत झोपलाय, त्याला एकदा विचारून घ्या."

गेरिटने गाडीत येऊन फोन लावला.

"आहेस कुठे? बाबा ताटावर बसलेत."

"तू दाखवलंस तिथंच. तर्जनीच्या टोकाला."

"गेरिट, तर्जनीनं मी दाखवत होते. नकाशा डावा हात होता."

"डावा हात नकाशा कधीपासून झाला?"

"आम्ही मूळचे पुलाच्या वरचे ना, आमचा पहिल्यापासून तोच आहे."

हे खरे होते. उत्तरेचा लांब पूल ओलांडला की राज्याचा दुसरा तुकडा लागतो, आडव्या डाव्या हातासारखा. परंतु आमच्या डोक्यातले राज्य बोटांच्या टोकांशी संपते. तिकडचे लोक आम्हांस 'पुलाखालचे' म्हणतात, आणि त्याचे खंडन करण्यासाठी पूल ओलांडून जाण्याची आमची तयारी नसते.

"पण तर्कानं बघ," गेरिट म्हणाला, "एक हात दुसऱ्याला टेकला, तर दाखवणारा कोणता आणि दाखवला जाणारा कोणता, हे—"

"जेवण गार होतंय."

"इथून किती लांब?"

"जवळच. पूल ओलांडलास की साडेतीन तास."

दिवेलागणीला तो पोचला. अर्वो लाहती अजून टेबलाशीच बसले होते. पुढ्यात मांस-बटाट्याची मोठी करंजी तशीच होती.

"केक अर्धाच?" त्यांनी विचारले.

"तुमच्याआधी एका गृहस्थांकडे मागणी घातली, काका."

"काय म्हणाले?"

"हो म्हणाले."

हेल्मी चुलीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. अर्वोंचा चेहरा मात्र हलला नाही.

"पूल बघून परत फिरावंसं नाही वाटलं?"

"वाटलं. दोनदा."

"मग?"

"ही पलीकडे होती."

अर्वोंनी करंजीचे दोन तुकडे केले, मोठा गेरिटकडे सरकवला आणि मुलीला म्हणाले, "लग्न करून टाक. हा एकटा सोडण्यासारखा माणूस नाही."