रुख्माबाईंनी टांगलेल्या पाट्या

चेतन हेडाऊ दीड वर्षापासून पाचावर अडकला होता. पाच हा त्याच्या चढाईचा आकडा. लकडगंजातल्या एका जुन्या लाकडाच्या गोदामात धम्मानंद सरांनी चढाईची भिंत उभी केली होती. भिंतीवर रंगीत पकडी ठोकलेल्या. एका रंगाच्या पकडी म्हणजे एक वाट, आणि प्रत्येक वाटेखाली हुकाला टांगलेली आकड्याची पाटी. चार म्हणजे नवख्यांसाठी, पाच म्हणजे बरी, सहा म्हणजे अवघड, आणि सातावर फक्त सर जायचे. चेतनला माणसांची नावं नंतर कळत. विम्याच्या ऑफिसातून तो थेट इथे यायचा आणि नवीन कोणी दिसला की आधी विचारायचा, किती चढतोस?

यंदा तर त्याच्या जिवाला घोरच लागला होता. राज्य स्पर्धेच्या चमूत एकच जागा उरली होती, आणि सहा चढेल त्याचंच नाव जाईल असं सरांनी सांगून टाकलं होतं. यादी दसऱ्यानंतरच्या सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत पाठवायची. पुढच्या वर्षी चेतन वयात बसत नव्हता. म्हणजे आता नाही तर कधीच नाही.

नवमीच्या सकाळी सरांनी जुन्या पकडी उतरवून चार नव्या वाटा बसवल्या, पाट्या टांगल्या आणि ते दीक्षाभूमीवर पाणीवाटपाच्या सेवेला निघून गेले. सोमवारपर्यंत येणार नव्हते. किल्ली राहिली झाडपूस करणाऱ्या रुख्माबाईंकडे.

रुख्माबाई महाल वस्तीतल्या. अर्धं आयुष्य हातमागावर गेलेलं. खांडेनवमीला मागाची पूजा झाल्याशिवाय त्यांच्या घरी चहासुद्धा होत नसे. इथे माग नव्हता, पण दोर होते, हुक होते, पाट्या होत्या; या जागेची हत्यारं म्हणजे हीच. त्यांनी सगळं खाली काढलं, पुसलं, हळदकुंकू वाहून वर झेंडू ठेवला. मग पाट्या परत टांगल्या. कोणती कुठे होती हे विचारायला कोणी नव्हतं, आणि त्यांना तशी गरजही वाटली नाही. दारापासून चार, पाच, सहा, सात. धागा जिथे ओळीनं लागतो तिथे वाढलेल्या बाईला दुसरं काय सुचणार?

दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं वाटून चेतन आला. दोर धरायला त्याच्याबरोबर चढणारी प्रणाली होती. ती सुरेख चढते हे सगळ्यांना ठाऊक होतं. कितवा आकडा चढते, हे तिलाही नीट माहीत नसे. चेतनने अंग मोकळं करायला म्हणून दाराजवळचा लाल चार धरला. वर पोचेपर्यंत त्याचा घामटा निघाला, कोपर सोलवटलं. सरांना आजकाल साधा चार लावता येत नाही, असं तो पूर्ण वाटभर कुरकुरत होता. खाली आल्यावर त्याने दम खाल्ला, देवाचं नाव घेतलं आणि निळ्या सहाला हात घातला.

तो जिना चढावा तसा वर गेला.

वर पोचल्यावर त्याला रडू आलं, आणि त्याने ते लपवलं नाही. रात्रीपर्यंत स्टेटस लागलं, दुसऱ्या दिवशी ऑफिसात संत्रा बर्फी वाटली गेली, साहेबांकडे स्पर्धेच्या रजेचा अर्ज गेला. आईने शेजारच्या चार घरांत सांगितलं. रोज संध्याकाळी तो आधी लाल चारावर धापा टाकत, सरांना नावं ठेवत जायचा आणि मग निळ्या सहावर मिरवायचा. प्रणाली लाल चारावरून दोनदा पडली, तेव्हा त्याने तिला धीरही दिला. एकेकाचा काळ असतो म्हणाला.

सोमवारी चारला सर आले. चेतनने निळी वाट दाखवून नाव लिहा म्हटलं. सर पाट्यांकडे बघतच राहिले.

"निळा तर चार आहे बे. लहान पोट्ट्यांसाठी लावला होता मी."

चेतन मटकन भिंतीखालच्या गादीवर बसला. त्याला बर्फी आठवली, अर्ज आठवला, आणि आईची ती चार घरं आठवली. सरांनी रुख्माबाईंना बोलावलं. त्यांनी न घाबरता नवमीची हकिकत सांगितली आणि उलट विचारलं, "तुमी कशावरून नंबर देता, सर?"

"अंदाजानं. मी चढतो, हात किती भरून येते त्यावरून."

"मंग मीबी अंदाजानंच लावले."

तेवढ्यात प्रणालीने विचारलं, "सर, लाल मग कितीचा?"

"सहा."

चेतन लाल वाट रोज चढला होता, शिव्या देत का होईना. सर हसले. एकदा माझ्यासमोर करून दाखव, लगेच नाव लिहितो म्हणाले, आणि त्यांनी पाट्या जागच्या जागी लावल्या. लालखाली सहा.

चेतन गेला आणि तिसऱ्या पकडीवरून पडला. पुन्हा गेला, दुसऱ्यावरून पडला. तिसऱ्या वेळी त्याने पहिली पकड धरली आणि सोडून दिली.

"सहा आहे ना सर," तो कसाबसा म्हणाला, "जड जाते."

साडेचार वाजले होते. रुख्माबाई बादली घेऊन खोळंबल्या होत्या. गादी उचलल्याशिवाय फरशी पुसता येत नव्हती. त्या पुढे आल्या, सहाची पाटी काढली आणि तिथे चाराची अडकवली.

"हं, चढ आता, बापू. मले कुलूप लावाचं हाय."

"मावशी, मले माहीत आहे ना तो सहाच आहे म्हणून."

"माहीत अशीन. दिसून काय राहिलं?"

चेतनने पाटीकडे बघितलं. चार. त्याने हाताला पावडर लावली. तिसऱ्या पकडीच्या वर गेल्यावर त्याची कुरकुर सुरू झाली, अर्ध्यावर त्याने सरांच्या चाराला मोठ्याने नावं ठेवली, आणि सगळ्यात वरची पकड धरली तेव्हाही तो वैतागलेलाच होता. खाली सरांनी नाव लिहून यादी पाठवून दिली.

खाली उतरल्यावर चेतनने रुख्माबाईंच्या पाया पडून घेतलं. मग सहाची पाटी स्वतःच्या हाताने लाल वाटेखाली लावली आणि स्टेटससाठी फोटो काढ म्हणून प्रणालीला मोबाईल दिला.

"दोन पकडी वर जा ना," ती म्हणाली, "चांगला दिसते."

त्याने प्रयत्न केला. दोनदा केला. स्टेटसवरच्या त्या फोटोत चेतन हसतो आहे, एक हात लाल पकडीवर आहे, मागे सहाची पाटी स्वच्छ दिसते, आणि दोन्ही पाय गादीवर आहेत.