विचाराधीन स्थळ

एकनाथरावांना चार भाषा येत, आणि हे ज्याला त्यांनी सांगितलं नाही असा माणूस हैदराबादच्या चिक्कडपल्लीत उरला नव्हता. पोलीस अ‍ॅक्शनला वर्ष झालं होतं. कचेरीत उर्दू शब्दांच्या जागी नवे शब्द बसवायचं काम त्यांच्याकडे आलं. 'जेर-ए-गौर' काढून त्यांनी 'विचाराधीन' बसवला, आणि तेव्हापासून घरातली भाजीसुद्धा विचाराधीन राहू लागली.

त्याच सुमारास त्यांच्या मालतीला तारनाक्याचं स्थळ आलं. मुलाचे वडील हिम्मतराव रेल्वेत होते, निम्मी जिंदगी तेलुगू माणसांत गेलेली. स्थळ उत्तम होतं, पण लगेच 'हो' म्हटलं तर घाई दिसते. घरमालकीण पद्मावतम्मा भावाकडे तारनाक्याला निघाली होती. तिला थांबवून एकनाथराव म्हणाले, "हिम्मतरावांना एवढंच सांगा, सगळं घर विचारात आहे."

तेलुगूत विचारम् म्हणजे दुःख. एकनाथरावांच्या तेलुगूत हा शब्द नव्हता. गावाकडून काही वाईट बातमी आली असेल असं धरून पद्मावतम्माने डोळ्यांना पदर लावला आणि ती गेली. हिला आपल्या मालतीची किती माया, असं वाटून एकनाथरावही गहिवरले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच हिम्मतराव हजर. चेहरा उतरलेला.

"कळलं तसा निघालो. केव्हापासून हे?"

"परवापासून. झोप नाही कुणाला."

"कशी लागणार? वय काय हो?"

"मालतीचं? एकोणीस."

हिम्मतराव मटकन खाली बसले. "मालती! आमच्या प्रभाकरला आता काय सांगू? तेराव्याला आम्ही सगळे येतो."

"तेरा तारखेला? चालेल की."

हिम्मतराव हुंदके देऊन रडायला लागले. तेवढ्यात आतून मुलगी चहा घेऊन आली.

"ही कोण?"

"मालती."

हिम्मतरावांनी आधी तिच्या पावलांकडे पाहिलं. पावलं सरळ होती.

पद्मावतम्माला बोलावून उलगडा करायला अर्धा तास गेला. शब्दाचा अर्थ संदर्भाने ठरतो, असं एकनाथराव दोनदा म्हणाले. कुणी ऐकलं नाही. जिवंत मुलीसाठी रडलो, हा अपशकुन तर नव्हे, असं हिम्मतरावांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. स्थळ हातचं जाणार, या भीतीने एकनाथरावांनी संदर्भाचं तिसऱ्यांदा सुरू केलं.

तेव्हा मालतीच बोलली. "बाबा, मला हे घर पसंत आहे. मला पाहिलंही नव्हतं, तरी एवढं रडले."

हिम्मतराव पुन्हा रडले. मालतीच्या आईने, सावित्रीबाईंनी, साखर आणून त्यांच्या हातावर ठेवली, मग मालतीच्या, मग पद्मावतम्माच्या. तिघींनी मिळून मुहूर्ताचा महिनाही काढला.

एकनाथराव बाहेरच्या खोलीत बसून राहिले. त्यांचा होकार विचारायला कुणीतरी येईल, असं त्यांना जेवायची हाक येईपर्यंत वाटत होतं.