धुरपताबाईंनी एसटीस घातलेल्या वेढ्याची कैफियत

श्री. वर्तमान ऐसे जे, अवघ्या मुलखातील शाळकरी पोरांचे इंग्रजी स्पेलिंगांचे तुंबळ युद्ध भागानगरी, म्हणजे हैदराबादेस, मुक्रर जाहले आणि पालम परगणियातील आमचे गावातोन मेंढपाळांचे घरची वैष्णवी, इयत्ता सातवी, मोहिमेस निवडली गेली. आठवीस पाऊल पडताच या युद्धाचा दरवाजा कायमचा बंद, म्हणोन ही एकच संधी. पोरीने मेंढरांमागे फिरत शब्दांचा फडशा पाडिला होता.

मसलत साधी होती. वर्गशिक्षिका संघप्रियाबाई यांसमवेत दुपारची एसटी धरोन गंगाखेड गाठावे आणि तेथोन रेलगाडीत बसावे. एसटी चुकली की मोहीम बुडाली. परंतु आमचे गाव सत्काराचे भारी शौकीन. पोर हरोन आली तर आणिलेल्या शालीचे करावे काय, ऐसा दूरचा विचार करोन मुख्याध्यापक राजश्री रंगनाथराव यांणी फर्मान काढिले की सत्कार जाण्याआधीच व्हावा. मग थांब्यालगत मंडप पडला, आणि शाल जाहली, आणि श्रीफळ जाहले, आणि सरपंच बोलिले, आणि माजी सरपंच त्याहून लांब बोलिले, आणि खासा बखरनवीसही, कोणी पुसले नसता, दोन शब्द म्हणोन उठला तो लवकर बसला नाही. पोर हारांत बुडोन सडकेकडे पाहात होती आणि तिचे डोळे भरोन आले होते. ते आम्ही आनंदाश्रू समजलो.

इतक्यात एसटी आली. रंगनाथराव आपल्या भाषणाच्या शेवटच्या मुद्द्यावर मोर्चे बांधोन बसले होते, ते उठावयास राजी होईनात. कंडक्टराने घंटी वाजविली आणि एसटी हलली. वैष्णवीच्या मातोश्री धुरपताबाई मंडपाबाहेर मेंढरे राखीत उभ्या होत्या. त्यांणी शीळ घातली, तो अवघे लष्कर सडकेवर उतरोन एसटीस वेढा घालिते जाहले. ड्रायव्हराने हॉर्न फुंकिला. एका मेंढराने तेवढा कान हलविला.

मावशी, मेंढरं काढा, टाईम व्हायलाय, ऐसी कंडक्टराची अर्जी आली. जाब गेला, "पोरगी बसल्याबिगर एकबी हलायचं न्हाई." आणि मंडपाकडे वळोन हुकूम सुटला, "सर, बास करा आता! लेकराची गाडी चुकायलीय!"

मग वैष्णवी हारांसकट धावली, आणि पाठोपाठ संघप्रियाबाई धावल्या, आणि दोघी आत चढताच वेढा उठला. रंगनाथरावांणी रिकाम्या खुर्चीस उद्देशोन मुद्दा पुरा केला आणि आम्ही टाळ्या वाजविल्या.

पुढे भागानगराहून फोन आला की पोर देशात तिसरी आली. देशात म्हणजे केवढ्यात, हे धुरपताबाईंस नीट उमगेना. "भ्यालीस का गं तिथं?" इतकेच त्यांणी पुसले. "न्हाई गं आई. तू रस्ता आडवलास, म्हनून तर आले." बाईंणी फोन ठेविला आणि मेंढरे मोजावयास घेतली.

सदरहू फत्ते सत्कार समितीचे नावे रुजू व्हावी ऐसा गावाने ठराव केला आहे. बखरनवीस स्वतः समितीत असोनही त्याने ती धुरपताबाईंचे नावे लिहिली. समितीने आता बाईंचाही सत्कार योजिला आहे. बाईंणी भाषणाआधीच नकार कळविला.