प्रश्न शेवटी विचारा

फुकट ते पौष्टिक म्हणतात. वेंडेल क्रँडलला ते बाधलं.

निवृत्तीनंतरचा पहिला हिवाळा होता. बाहेर गुडघाभर बर्फ आणि आत करायला काही नाही. अशा एका दुपारी त्याला कॉम्प्युटरवर जाहिरात दिसली. अमेरिकेच्या यादवी युद्धातली खेचरं या विषयावर ऑनलाइन व्याख्यान, घरबसल्या आणि विनामूल्य. खेचरांशी वेंडेलचा आजवर काडीचा संबंध आला नव्हता. (जन्मभर त्याने गावाच्या पाणीखात्यात मीटरचे आकडे ताडून पाहिले होते. ते काम खेचराचं असलं तरी त्याला कुणी संबंध म्हणत नाही.) 'ऐकून बघू, आपलं काय जातंय!' असं म्हणत त्याने नाव नोंदवलं. काय जातंय ते कळायला पुढे बरीच वर्षं लागली.

खेचरांमागून घोडे आले, घोड्यांमागून आगगाड्या, आगगाड्यांमागून पहिल्या अध्यक्षांचे दात. सोमवारी बोस्टन, मंगळवारी व्हर्जिनिया. बुधवारी तर सकाळी चहा समुद्रात आणि संध्याकाळी दारू गटारात. सगळा मिळून अडीचशे वर्षांचा इतिहास, तो पुरणार तरी किती दिवस, असं त्याच्या बायकोला, लोरेनला, आधी वाटलं होतं. बिचारी! ही मंडळी इतिहास लोणच्यासारखा पुरवून पुरवून खातात, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

जेवणाच्या टेबलाचा स्टुडिओ झाला. मागे पुस्तकांचं कपाट आलं, समोर दिवा आला आणि जेवण तळघरात, कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी सरकलं. शुक्रवारी गावातल्या हॉटेलात तळलेला मासा खायला जायचं, हा या दोघांचा लग्नापासूनचा नेम. तोही मोडला, कारण शुक्रवारी संध्याकाळी फिलाडेल्फिया असायचं. दारातला बर्फ लोरेन एकटीच फावड्याने ओढायची. वेंडेल त्या वेळी आत बसून, क्रांतियुद्धातल्या सैनिकांचे बर्फात कसे हाल झाले, ते ऐकून डोळे पुसत असायचा.

पण नुसतं ऐकून त्याचं भागत नव्हतं. व्याख्यान संपलं रे संपलं की हा हात वर करणार आणि म्हणणार, "माझा प्रश्न नाही, थोडं मत मांडायचंय." ते थोडं मत इतकं लांबायचं की वक्ते पाणी पिऊन यायचे. आणि ही खोड घरातच राहिली असती तरी एक वेळ चाललं असतं. लोरेनच्या आईच्या अंत्यविधीला त्याच्या एका कानात गेटिसबर्गची लढाई चालू होती. पाद्रीबाबांनी "कुणाला दोन शब्द बोलायचेत का?" असं विचारलं मात्र, याचा हात वर! "माझा प्रश्न नाही," म्हणाला, "थोडं मत मांडायचंय." आणि सासूच्या शवपेटीशेजारी उभं राहून त्याने भर चर्चमध्ये सांगितलं की तोफा डावीकडे लावायला हव्या होत्या. लोरेन त्यानंतर आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही. त्याच्या ते लक्षात आलं नाही.

लोरेनची धाकटी बहीण बेव्हर्ली ॲरिझोनात, टूसाँला राहायची. तिच्या शेजारचं छोटं घर रिकामं झालं. तिकडे बर्फ नाही, गुडघ्यांना ऊन आणि भिंतीपलीकडे सख्खी बहीण. घरमालक महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार होता. लोरेनला नवऱ्याला एवढंच विचारायचं होतं, की तू येतोस का?

"वेंडेल, जरा बोलायचं होतं."

"आत्ता नको. आत्ता ते ओहायोपर्यंत पोचलेत."

"कोण पोचलेत?"

"वसाहतवाले गं. प्रश्न शेवटी विचार, लोरेन. प्रश्न शेवटी."

"आणि शेवट कधी आहे?"

"अजून अख्खं ऑरेगन बाकी आहे!"

असं तिने न्याहारीला विचारून पाहिलं, तळघरात जेवताना विचारून पाहिलं. एकदा तर तो दात घासत असताना न्हाणीघराच्या दारात उभी राहिली. तोंडात ब्रश असूनही त्याने बोट वर करून 'शेवटी, शेवटी' अशी खूण केली. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

आणि तेवढ्यात गावाच्या इतिहास मंडळाचा ठरलेला वक्ता फ्लूने आडवा झाला. मंडळाच्या चिटणीस ग्लेंडा पर्किन्स. त्यांनी वेंडेलला फोन केला. (आधी त्यांनी आणखी पाचजणांना केला होता. ते त्याला कुणी सांगितलं नाही, आपणही सांगू नये.) विषय त्याच्या आवडीचा. गावामागून जाणाऱ्या एरी कालव्याची रेषा आखणारा मोजणीदार एझरा स्ट्राउड. हा स्ट्राउड म्हणजे वेंडेलचा देव. कालव्यापायी आठ वर्षं तो तंबूत राहिला. एवढ्या काळात एकदाही घरी गेला नाही, असं वेंडेल येईल-जाईल त्याला सांगायचा.

"लोरेन, गुरुवारी माझं व्याख्यान!"

"गुरुवारी महिनाअखेर आहे, वेंडेल."

"तेच तर! मंडळाची व्याख्यानं शेवटच्या गुरुवारीच असतात. आणि हे बघ, त्या वेळात मायक्रोवेव्ह लावू नकोस, इंटरनेट अडखळतं. आणि मध्ये येऊन काही विचारू नकोस."

"मग कुठे विचारू?"

"ज्याला विचारायचं त्याने पडद्यावर खाली चौकटीत लिहायचं," वेंडेल मोठ्या ऐटीत म्हणाला. "नाव द्यायचीही सक्ती नाही. ग्लेंडा वाचून दाखवते, मी उत्तर देतो. शिस्त असते त्याला."

"मी चौकटीत लिहिलं तर तू उत्तर देशील?"

"सगळ्यांना देतो मी," वेंडेल म्हणाला आणि कोटाला ब्रश मारायला निघून गेला.

गुरुवारी वेंडेल कॅमेऱ्यासमोर बसला. वर कोट, गळ्यात टाय, खाली पायजमा. व्याख्यान अगदी रंगात आलं होतं. स्ट्राउड दलदलीत कमरेइतका रुतला होता. तेवढ्यात खोलीच्या दारात लोरेन येऊन उभी राहिली. अंगात जाड ओव्हरकोट, हातात गाडीच्या किल्ल्या. तिने काही बोलायला तोंड उघडलं. वेंडेलने बोलणं न थांबवता, तिच्याकडे न बघता, हात लांब करून तिला जोरजोराने हाकललं. बघणाऱ्यांना वाटलं, कालव्याची रुंदी दाखवतोय. एकाने तर पसंतीचा अंगठाही वर केला. लोरेन तशीच निघून गेली.

शेवटी प्रश्नांची वेळ झाली. वेंडेलला धाकधूक होती, कारण ऐकणारे निम्मे लोक पेंगत होते. पण ग्लेंडाबाईंचा चेहरा उजळला.

"अनामिक श्रोत्याचा प्रश्न आहे. स्ट्राउड आठ वर्षं तंबूत होता, तेव्हा घरी लाकडं कोण फोडत होतं?"

(ही अनामिक कोण, ते वाचकांना सांगायला नको. ज्याला सांगायला हवं होतं, तो कॅमेऱ्यासमोर टाय सारखा करत होता.)

"वा! काय प्रश्न आहे!" वेंडेल खुर्चीत पुढे सरकला. "बहुधा त्याची पत्नी फोडत असावी."

"लगेच दुसरा आलाय. तिचं नाव काय होतं?"

वेंडेल गडबडला. "नाव... नावाची कुठे नोंद नाही."

"इथे विचारलंय, स्ट्राउडच्या घोड्याचं नाव माहीत आहे का?"

"हो तर! ज्युपिटर!" वेंडेलने छातीठोकपणे सांगितलं.

पेंगणारे जागे झाले. कुणीतरी हसलं. वेंडेलला वाटलं, व्याख्यान जमलं.

"तीच श्रोती विचारतेय," ग्लेंडाबाई जरा सावकाश वाचू लागल्या, "मला आपलं ती बाईच वाटते. तर, स्ट्राउडच्या बायकोने त्याला कधी, माझ्याबरोबर चल, असं विचारलं असेल का?"

"विचारलंही असेल. पण एवढं मोठं काम हाती असलेल्या माणसाला असल्या घरगुती प्रश्नांना वेळ कुठला?"

"आणि शेवटचा. तो परत आला तेव्हा ती घरी होती का?"

"म्हणजे काय!" वेंडेल हसला. "जाणार कुठे बिचारी? त्या काळच्या बायका नवऱ्याच्या कामाची कदर करायच्या."

मंडळाची एक रीत होती. वक्त्याने सर्वांत चांगला प्रश्न निवडायचा आणि प्रश्नकर्त्याला मंडळातर्फे कॉफीचा मग. वेंडेलने क्षणाचाही विचार केला नाही. "त्या अनामिक बाईंना द्या," तो म्हणाला. "मला इतकं समजून घेणारं माणूस आयुष्यात पहिल्यांदा भेटलं." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच.

हरभऱ्याच्या झाडावर चढूनच तो स्वयंपाकघरात शिरला. "लोरेन! अगं, एक बाई होती, काय तिची हुशारी! तूही कधीतरी असं काही विचारत जा!"

स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. ओव्हनमध्ये मांस-बटाट्यांचं भांडं गरम होतं. टेबलावर एकाच माणसाची ताटली मांडलेली होती. मासा खायला एकटीच गेली की काय, असा विचार करत वेंडेलने दोनदा वाढून घेतलं. (शुक्रवारचा मासा गुरुवारी कसा, हा प्रश्न इतिहासकाराला पडला नाही.) तो बोटं चाटत असतानाच ग्लेंडाबाईंचा फोन आला.

"वेंडेल, लबाड आहात हं तुम्ही दोघं! मगसाठी पत्ता काढायला नोंदणी उघडली, तर लोरेन क्रँडल! आधी बसवून ठेवलं होतं ना हे? सगळे म्हणताहेत, संसार असावा तर असा!"

वेंडेलच्या हातातला काटा खाली पडला. त्याने लोरेनला फोन लावला. पलीकडे विमानतळावरच्या सूचना ऐकू येत होत्या.

"लोरेन, कुठे आहेस तू?"

"विमानात चढतेय. टूसाँच्या."

"अगं, पण मला सांगायचं, विचारायचं!"

"न्याहारीला विचारलं, जेवताना विचारलं, न्हाणीघरात विचारलं. तू म्हणालास, शेवटी विचार." तिचा आवाज चढला नव्हता, आणि वेंडेलला पहिल्यांदाच भीती वाटली. "मग शेवटी विचारलं. पाचही प्रश्नांची उत्तरं दिलीस रे. मनापासून दिलीस."

"ती स्ट्राउडबद्दल होती!"

"तुला ती स्ट्राउडबद्दलची वाटली, म्हणून तर मी विमानतळावर आहे. भांडं धुऊन ठेव. आणि घसरायला नको म्हणून दारात मीठ टाक, रात्री बर्फ पडणार आहे."

फोन बंद झाला. वेंडेलला रडू आलं. अगदी लहान पोरासारखं आलं. त्या दिवशी तळघरातलं यंत्र सोडून त्याचं रडणं ऐकायला घरात कुणी नव्हतं.

कॉफीचा मग यथावकाश टपालाने आला. त्यावर छापलं होतं, 'इतिहासाची सुरुवात घरापासून'. वेंडेलने बर्फ ओढला, माशाच्या हॉटेलात एकट्याने जाऊन बघितलं, फोन केले. लोरेन फोनवर नीट बोलायची, हवापाणी सांगायची. परत येण्याचा विषय निघाला की बेव्हर्ली हाक मारतेय म्हणायची.

वसंतात मंडळाचं पत्रक आलं. 'मिसेस स्ट्राउड : एक शोध. वक्त्या, लोरेन क्रँडल, टूसाँ.' वेंडेलने सर्वांत आधी नाव नोंदवलं. दाढी केली आणि या खेपेला खाली पँटही घातली.

पडद्यावर लोरेन उन्हात बसली होती. रंग उजळला होता. तिने शोधून काढलं होतं की बाईचं नाव मेहिटेबल. नवरा तंबूत असताना तिने व्हरमाँटला बहिणीकडे बिऱ्हाड हलवलं, चीजचा धंदा काढला आणि मरेपर्यंत तिथेच राहिली. कबरीच्या दगडावर तसं कोरलेलंच होतं. त्या कबरस्तानाच्या फोटोत वेंडेल सहा वर्षं नेमका शेजारचा दगड वाचत आला होता. त्याच्यावर ज्युपिटरच्या पहिल्या मालकाचं नाव होतं.

वेंडेलने चौकटीत टाईप केलं. पुसलं, पुन्हा टाईप केलं. ग्लेंडाबाईंनी शेवटी वाचून दाखवलं.

"वेंडेल विचारतात : स्ट्राउडला सगळं उमगलं असतं, तंबू मोडून तो तिच्या दाराशी गेला असता, तर तिने दार उघडलं असतं का?"

लोरेनने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. वेंडेल पडद्याच्या इतका जवळ गेला की त्याचा श्वास काचेवर उमटला.

"हा प्रश्न नाही," लोरेन म्हणाली. "हे थोडं मत मांडणं झालं. पुढचा प्रश्न घ्या."

पुढचा प्रश्न चीजबद्दल होता. नेब्रास्कातल्या कुणा गृहस्थाने विचारला होता. कॉफीचा मग त्यालाच मिळाला.