सटवाईला सांगितलेला पत्ता

आमची गयाआत्या देवाला नुसतं साकडं घालत नाही, पत्ताही सांगते. मी दहावीला होतो तेव्हा माझ्यादेखत तिने मारुतीला बजावलं होतं, "देवा, ह्या पोराला पास कर. कोनता पोरगा? मस्तगड. पिठाच्या गिरणीमागची गल्ली. निळं दार. दारात काळं कुत्रं हाय, भुंकतं पन चावत न्हाई. बराबर समजलं का?" मी पास झालो. श्रेय कुणाचं, यावर घरात अजून वाद आहे.

ते कुत्रं पुढे म्हातारं होऊन गेलं. पत्ता बदलायला नको म्हणून आत्याने दुसरं काळंच शोधून आणलं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. मूलबाळ नाही, नवरा गेल्यावर आमच्याकडेच राहिली. गॅसची टाकी आणणारा माणूस आमच्याकडे वर्षानुवर्षं येतो, पण त्यालाही दर खेपेला सगळा पत्ता पहिल्यापासून. आणि सांगून भागत नाही. "परत सांग बरं," म्हणून वदवून घेते. बिचारा खांद्यावर टाकी घेऊन, आमच्याच दारात उभा राहून, आम्हालाच आमचा पत्ता म्हणून दाखवतो. मोबाईलमधली रस्ता सांगणारी बाई तर आत्याला बिलकुल खपत नाही. "ती कधी मस्तगडला आल्ती का?" एवढाच तिचा सवाल. मी चिडतो, भांडतो, शेवटी हात टेकतो. तुम्हीही टेकले असते.

तर माझा मुलगा जन्मला तो सातवा महिना संपता संपता. वजन सव्वा किलो. त्याला नीट बघायच्या आतच काचेच्या पेटीत ठेवला. नाकात नळी, छातीला तारा, आणि अंगावर त्याच्यापेक्षा मोठा लंगोट. बायको वैशाली खालच्या वॉर्डात, मी वरच्या मजल्यावर दाराबाहेरच्या बाकावर. मी फार घाबरलो होतो, आता सांगायला कसली लाज! आतलं एखादं मशीन वाजलं की मी उठून दाराच्या काचेला नाक लावायचो. सिस्टर म्हणाल्या, "इतकी लवकर आलेली बाळं मधेच श्वास घ्यायचं विसरतात. तळपायाला टिचकी मारली की आठवतं त्यांना. तो स्वतःहून नीट घ्यायला लागला की घरी."

आत्याने हे शांतपणे ऐकून घेतलं. "विसरभोळं हाय व्हय! बापावर गेलं," म्हणाली.

पाचव्या दिवशी आत्या पिशवी घेऊन हजर. पिशवीत वरवंटा, हळदकुंकू आणि डबाभर भात. गेटवर वॉचमनने अडवलं.

"मावशी, हे काय?"

"सटवाई."

"दगड आत नेता येत न्हाई."

"दगड न्हाई रे, सटवाई! आज पाचवी हाय. आज ती येती अन् लेकराच्या कपाळावर नशीब लिहिती. तू तिला बी अडवणार का?"

वॉचमनला कुणीच असं विचारलेलं नसावं. त्याने मुकाट्याने गेटजवळच्या लिंबाखालची जागा झाडून दिली. दिवेलागणीला आत्याने वरवंटा मांडला, पूजा केली आणि मग हात जोडून कामाचं बोलायला लागली. "सटवाई माय, घरी जाऊ नको, तिथं कोन न्हाई. हितंच ये. जिना चढून वरचा मजला. काचेचं दार. आत पेट्याच पेट्या हायेत, गोंधळू नको. खिडकीजवळची तिसरी पेटी. लेकरं समदी सारखीच दिसून राह्यली, म्हनून सांगते. बराबर समजलं का?" वॉचमन मान हलवत होता. त्याला वाटलं, त्यालाच सांगतेय.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर सहज बोलून गेल्या. बाळाला थोडी कावीळ होती म्हणून काल दुपारीच निळ्या दिव्याखाली, पार दुसऱ्या टोकाला हलवलंय. खिडकीजवळच्या तिसऱ्या पेटीत आता अंबडकडच्या दगडूभाऊंची मुलगी होती.

आत्याने काचेतून पेट्या पुन्हा मोजल्या.

मग तडक दगडूभाऊंकडे गेली. दगडूभाऊ मेंढरं राखणारे, साधा माणूस, तोही आमच्यासारखाच बाकावर जीव मुठीत धरून बसलेला. "भाऊ," आत्या म्हणाली, "घोटाळा झाला. आमच्या पोराचं नशीब तुमच्या पोरीच्या कपाळावर गेलं."

दगडूभाऊंनी सगळं ऐकलं. हसले नाहीत. "आत्या, आमच्या घरच्यांनी बी काल पाचवी पुजली. मंग पोरीकडं दोन झाले की. एवढे ती कुठं ठेवील? निम्मं तुमच्याला देईल."

मला हसू फुटलं. नेमकं तेव्हाच आत मशीन वाजायला लागलं, सिस्टर धावल्या, आणि त्या आमच्याच बाळाकडे गेल्या. काचेतून फक्त त्यांची पाठ दिसत होती. मशीन थांबेना. माझं हसू कुठल्या कुठे गेलं. मग एकदाचं थांबलं. सिस्टरनी वळून अंगठा उंचावला. घेतला होता श्वास पठ्ठ्याने!

मी आत्याकडे बघितलं तर ती रडत होती. आत्याला रडताना मी तिचा नवरा गेला तेव्हाही पाहिलं नव्हतं.

"मी चुकीचा पत्ता दिला," ती म्हणाली.

"आत्या, मशीनचा अन् पत्त्याचा काय संबंध?"

"तुला न्हाई माहीत. मला बी झाल्तं एक. असंच, दिवसाच्या आधी. वाटूरच्या पल्याड वस्तीवर ऱ्हात होतो. तुझ्या आतोबांनी मानूस धाडला. नर्सबाई आल्त्या रे जीपनं, खरंच आल्त्या! पन आमच्या आडनावाच्या दोन वस्त्या. मानसानं नुसतं आडनाव सांगितलं. त्या खालच्या वस्तीवर गेल्या. हितं कोन बाळंतीण न्हाई म्हनल्यावर वापस गेल्या." तिने पदराने नाक पुसलं. "मला जीपचा आवाज येत होता. पाचवीपातुर राह्यलं न्हाई ते. चिंचेजवळचं घर, एवढंच सांगायचं राह्यलं."

घरात हे कुणीच कधी बोललं नव्हतं. मी तिचा हात धरून बसलो.

नंतर सिस्टरना विनवणी करून आत्याला आत नेलं. सिस्टरनी बाळाच्या पायाची पट्टी दाखवली. "आजी, हे बघा, आईचं नाव पायालाच बांधलंय. कुठंही हलवलं तरी चुकत नाही."

आत्याने पट्टी निरखून पाहिली. "पन सटवाईला वाचता येतं का?"

"लिहिते म्हणजे वाचताही येत असणार," सिस्टर म्हणाल्या.

हा मुद्दा आत्याला पटला. त्या दिवशी ती पहिल्यांदा पोटभर जेवली.

बाळ हळूहळू भरत गेलं. वैशालीच्या छातीशी तासन् तास पडून राहायचं, आणि श्वास विसरायचं कमी कमी होत एक दिवस थांबलंच. दगडूभाऊंची पोरगी आमच्याआधी घरी गेली. निघताना आत्याने तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि दगडूभाऊंना म्हणाली, "ऱ्हाऊ द्या दोन्ही. पोरीच्या जातीला लागतंय."

आमची सुटी झाली तेव्हा बाळ आत्याच्या मांडीवर होतं. रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, "कुठं जायचं?"

आम्ही सवयीने आत्याकडे पाहिलं. आत्याने तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. ओठ नुसतेच हलत होते, आणि डोळ्यांतलं पाणी बाळाच्या दुपट्यावर टपटप पडत होतं.

मग मीच म्हणालो, "मस्तगड. पिठाच्या गिरणीमागची गल्ली. निळं दार. दारात काळं कुत्रं आहे, भुंकतं पण चावत नाही."

रिक्षा सुरू झाली. आत्याने बाळाच्या कानावरचं टोपडं जरासं वर सारलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "परत सांग बरं. ह्याला सांग."