किरकोळ अपघातास मंजुरी

कार्यालयाच्या छोट्या मोटारीला चांगले ब्रेक बसवावेत की नाही, हा प्रश्न एका सोमवारी सकाळी सव्वाअकरा वाजता रीतसर उपस्थित झाला. तो उपस्थित करणारे मामा हे त्या मोटारीचे चालक. खरे तर ते तिथे कोणाचेच मामा नव्हते, पण एकतीस वर्षे निमूटपणे गाडी चालवणाऱ्या माणसाला पगारवाढीऐवजी काहीतरी देणे भाग होते, म्हणून कार्यालयाने नाते दिले होते.

कार्यालय टेकडीवर होते. नागरिकांनी वारंवार येण्याची दगदग करू नये, एवढ्याच हेतूने ते तिथे बांधले होते. मोटार लहान, जुनी आणि अंगात जोर नसलेली. चढावर ती इतकी दमायची की हेडक्लार्कबाई मध्येच उतरून पायी निघत आणि मोटारीच्या आधी पोचून हजेरीपटावर सही करत. त्यामुळे कार्यालयाचे मत असे पडले होते की ही गाडी चालते हेच पुष्कळ, थांबण्याचे पुढचे पुढे बघता येईल.

उतरताना मात्र गोष्ट निराळी होती. रोज साडेदहाला साहेबांना घेऊन मामा टेकडीखालच्या मुख्य कार्यालयात बैठकीला जात. साहेब अंगाने भरलेले, आणि मागच्या सीटवर नस्त्यांचे चार गठ्ठे. अर्ध्या उतारावर ब्रेक तापायचे, पेडल नुसतेच खाली जायचे, आणि खालच्या चौकात गाडी उभी राहायची ती मामांच्या पायापेक्षा त्यांच्या नशिबाने. गेल्या आठवड्यात ती पांढऱ्या पट्ट्यांच्या दोन हात पुढे जाऊन थांबली. भाजीची पिशवी घेतलेली एक बाई जेमतेम बाजूला झाली. त्याच दिवशी मामांनी गाडी गॅरेजात नेली.

गॅरेजवाल्याने गाडी बघून सांगितले, "पुढचे ड्रम काढून डिस्क ब्रेक टाका. एका दुपारचं काम आहे."

मामांनी अर्ज केला. साहेबांनी तो दोनदा वाचला.

"मामा, या गाडीच्या इंजिनाची ताकद किती?"

"सांगण्यासारखी नाही, साहेब."

"मग तिला एवढे मोठे ब्रेक कशाला?"

"साहेब, चढताना गाडी इंजिनाच्या जिवावर चालते. उतरताना वजनाच्या जिवावर. वजन काही कमी ताकदीचं नाही."

साहेबांनी कोटाचे बटण सावरले. "कोणाचं वजन?"

"गठ्ठ्यांचं," मामा म्हणाले. एकतीस वर्षांत ते एवढे नक्की शिकले होते.

अर्ज हेडक्लार्कबाईंकडे गेला आणि चार दिवसांत टिपणीसह परत आला. टिपणीत म्हटले होते, 'सदर चालकाच्या हातून एकतीस वर्षांत एकही अपघात घडलेला नाही. सबब विद्यमान ब्रेक समाधानकारक असल्याचे सिद्ध होते.'

मामा टिपणी घेऊन बाईंच्या टेबलासमोर उभे राहिले. "बाई, अपघात झाला नाही तो माझ्यामुळे. ब्रेकमुळे नाही."

"तुमच्यामुळे होत नसेल, तर मग ब्रेक हवेतच कशाला?" बाईंनी शांतपणे विचारले. बाई मनाने वाईट नव्हत्या. त्यांनी मामांना बसायला सांगितले, नियमांचे पुस्तक उघडले आणि आवाज खाली आणला. "हे बघा, मार्ग आहे. ब्रेक बदलायला कारण लागतं, आणि कारण म्हणजे अपघात. एक आणून द्या. किरकोळ चालेल."

"मी अपघात आणून देऊ?"

"स्वतःच्या मनाने करू नका हं. तसा केलात तर ते गैरवर्तन होतं. पूर्वमंजुरी घेऊन केलात की कामकाज होतं."

मामांनी घरी आल्यावर हे सगळे मामींना सांगितले. मामी कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"अहो, सात महिन्यांनी निवृत्त व्हायचंय तुम्हाला. आजवर तुमच्या हातून कुणाला खरचटलंसुद्धा नाही. आणि आता जाऊन धडकणार?"

"भिंतीला लावतो जरा. कुणाला लागणार नाही, आणि ब्रेक मिळतील. माझ्यानंतर त्या गाडीवर कोण येईल कोण जाणे. त्याला काय माहीत अर्ध्या उतारावर पेडल खाली जातं ते."

मामींनी उशीचा अभ्रा झटकला. "धडकल्यावर ब्रेक देणार. कुणी काढली ही पद्धत?"

ती कुणी काढली हे नियमांच्या पुस्तकात नव्हते. मामांनी चौकातल्या भिंतीला हळू धडकण्याची परवानगी मागितली. भिंत बांधकाम खात्याची निघाली. त्यांनी कळवले की भिंत पाडायची की ठेवायची याचा निर्णय अकरा वर्षे प्रलंबित आहे, तोवर तिला हात लावू नये. मामांनी दिव्याचा खांब सुचवला. वीज खात्याने उत्तर दिले की हा खांब आधीच वाकलेला असून त्याच्या वाकण्याची चौकशी चालू आहे, दुसऱ्या वाकण्याने पुराव्यात गोंधळ होईल. झाडाच्या बाबतीत उद्यान खात्याने झाडाची जन्मतारीख मागवली, तिथे मामांनीच हात टेकले.

मग हेडक्लार्कबाईंनी चौकाचा नकाशा टेबलावर पसरला आणि एका दुपारी तो बारकाईने तपासला. दगडापासून गटाराच्या झाकणापर्यंत प्रत्येक वस्तू कोणत्या ना कोणत्या खात्याच्या ताब्यात होती. कोणत्याही खात्याच्या ताब्यात नसलेली, जिच्यासाठी कोणाचेही ना-हरकत पत्र लागत नाही, अशी एकच वस्तू त्या चौकात सापडली. ती म्हणजे पादचारी.

साहेबांनी बाईंच्या अभ्यासूपणाचे कौतुक केले आणि मंजुरी दिली. आदेशात सगळे स्पष्ट होते. अपघात येत्या गुरुवारी साडेदहाच्या नित्य फेरीतच उरकावा, त्यासाठी जादा इंधन मिळणार नाही. इजा किरकोळ असावी, परंतु दिसण्याजोगी असावी. मुका मार ग्राह्य धरला जाणार नाही.

मामांनी आदेश पुन्हा एकदा वाचला. "साहेब, माणसाला धडकवू?"

"हळू," साहेब म्हणाले. "आणि एकदम एकतर्फी नाही हं. पादचाऱ्यांकडून हरकती मागवल्या होत्या की आपण. सूचना लावून आज बारा दिवस झाले."

सूचना टेकडीवरच्या कार्यालयात, दुसऱ्या मजल्यावर, नेहमी उघड्या असणाऱ्या दाराच्या मागे लावली होती. मामांनी दार लोटून ती वाचली. पंधरा दिवसांत एका जरी पादचाऱ्याची लेखी हरकत आली, तर अपघात रद्द करून ब्रेक थेट बदलून द्यावे लागतील, असे तिच्यात शेवटच्या ओळीत लिहिले होते. मामांच्या जिवात जीव आला. त्यांनी तिथेच हरकत लिहिली आणि बाईंना नेऊन दिली.

"तुमची नाही चालणार, मामा. तुम्ही चालक."

"संध्याकाळी घरी पायीच जातो की मी."

"तेव्हा कार्यालय बंद असतं. बंद असताना कुणी पादचारी झालं, तर त्याची नोंद आमच्याकडे नसते."

"आणि मी गुरुवारी धडकवलीच नाही तर?"

"मंजूर काम न करणं म्हणजे कर्तव्यात कसूर." बाईंना खरेच वाईट वाटले. "एकतीस वर्षांच्या सेवापुस्तकात तेवढा एक लाल शेरा पडेल बघा. निवृत्तीच्या तोंडावर."

मामांना त्या लाल शेऱ्याची भीती वाटली, आणि अशा वेळी आपल्याला शेऱ्याची भीती वाटते याची लाजही वाटली. पण तीन दिवस हातात होते आणि सही एकच हवी होती. इतकी माणसे रोज त्या चौकातून जातात, एक सही म्हणजे काय अवघड. ते दुपारच्या सुट्टीत कागद आणि पेन घेऊन चौकात उभे राहू लागले.

पहिल्या दिवशी एका माणसाने सांगितले की तो पादचारी नाही, त्याची गाडी दुरुस्तीला गेली आहे म्हणून तो फक्त चालतो आहे. एका काकूंनी कागद निरखून वाचला, हे फार भयंकर आहे असे म्हटले, आणि सहीचे घरी विचारून सांगते म्हणून गेल्या. दुसऱ्या दिवशी एका तरुणाने कागदाचा फोटो काढून पाचशे जणांना पाठवला. पाचशेपैकी तीनशे जणांनी संताप व्यक्त केल्याचे त्याने मामांना दाखवलेही. सहीबद्दल विचारल्यावर मात्र त्याला बस आली. भाजीची पिशवी घेतलेली ती बाईही भेटली. ती म्हणाली, "मी पटकन बाजूला होते हो. मला नाही लागत."

बुधवारी, मुदत संपायला दहा मिनिटे असताना, एक गृहस्थ थांबले. त्यांनी मामांना मध्येच तोडले नाही. भिंत, खांब, झाड, दारामागची सूचना, सगळी हकीगत त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली आणि ते मनापासून हसले.

"अगदी असंच चालतं हो आपल्याकडे," ते डोळे पुसत म्हणाले. "झाडाची जन्मतारीख काय! घरी सांगतो सगळ्यांना."

मामांनी पेनाचे टोपण काढून पेन पुढे केले. गृहस्थांनी घड्याळ पाहिले, मामांचा खांदा थोपटला, आपल्या एकट्याच्या सहीने काय होणार असे काहीसे पुटपुटले आणि पट्ट्यांवर पाऊल टाकले. या गृहस्थांची वेगळी ओळख करून द्यायची गरज नाही. ते आत्ता हे वाचताहेत.

मामा दोन पावले त्यांच्या मागे गेले.

"साहेब, उद्या साडेदहाला इकडून जाणार असाल तर जरा जपून," ते म्हणाले. "शेरा पडू दे, मी ब्रेक दाबणारच आहे. पण लागतीलच असं नाही. म्हणून तर अर्ज केला होता."